मधमाश्यांचं पान

ड्राय फोर्क, मोंटाना
११ ऑगस्ट १९९४

प्रिय विल्मा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे कधी काही न लिहिणारी भावजय एकदम दोन पानं लिहिते, म्हणजे काहीतरी मागायलाच आली असणार. बरोबर ओळखलंस.

आमच्या इथली शाळा बंद झाली. अकराच मुलं उरली होती. आता बस सकाळी सव्वासहाला येणार आणि पोरांना सत्तावन्न मैलांवर नेऊन सोडणार. रॉइस म्हणाला, "नऊ वर्षांची पोर दिवसाचे तीन तास बसमध्ये काढणार असेल, तर तिला घरीच शिकव." तुझ्या भावाला बोलायला काय जातं! तो सकाळी उठून धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी जाऊन बसतो. घरी मी.

गणिताचं मी बघून घेईन. भीती वाटते ती भाषेची. मी अकरावीतून शाळा सोडली हे तुला ठाऊकच आहे. कर्ता कुठला नि कर्म कुठलं असं कुणी विचारलं तर मला अजून घाम फुटतो. चर्चमधल्या बायकांनी कॅटलॉगांचा ढीग आणून दिलाय. एक म्हणतं व्याकरण आधी, दुसरं म्हणतं दहाव्या वर्षापर्यंत व्याकरणाला हातसुद्धा लावू नका, आणि एका पुस्तकात तर आईने काय बोलायचं तेही छापलेलं आहे. वाचून वाचून डोकं भणभणलं.

डॉरीला लिहायचा नाद आहे. रॉइसच्या खिशात वजनाच्या रद्द पावत्या असतात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती काहीबाही खरडत असते. परवा एकीवर होतं, "आज बोक्याने आईच्या बुटात उलटी केली. आई काही बोलली नाही. बूट बोलला." आता हे चांगलं की वाईट, तेसुद्धा मला सांगता येत नाही.

तू सहा वर्षं आपल्या मेरिलीला घरी शिकवते आहेस. तिकडे सगळे तुलाच विचारतात असं रॉइस सांगतो. मग मलाही सांग ना. व्याकरणाचं कुठलं पुस्तक घेऊ आणि लिहायला कसं शिकवू? तू म्हणशील ते डोळे मिटून करीन.

तुझी,
कार्लीन


हार्टसेल मिल, पेनसिल्व्हेनिया
२४ ऑगस्ट १९९४

प्रिय कार्लीन,

आलीस ना शेवटी वाटेवर! मला तर फार आनंद झाला. आणि अकरावीचं रडगाणं आता बंद कर. घरी शिकवणाऱ्यांच्या आमच्या गटात बत्तीस कुटुंबं आहेत, त्यातल्या निम्म्या आया तुझ्यासारख्याच घाबरत आल्या होत्या.

ते कॅटलॉग चुलीत घाल. रिकाम्या जागा भरायची पुस्तकं तर अजिबात नकोत. पोरं शब्द भरतात आणि आयांना वाटतं, शिकली. आईच्या तोंडात वाक्यं घालणारं पुस्तकही नको, तू काही पोपट नाहीस. तपकिरी पुठ्ठ्याचं जुनं व्याकरण घे, पत्ता सोबतच्या यादीत दिलाय. त्यात वाक्य रेघांवर मांडायला शिकवतात. कर्ता आणि क्रियापद आडव्या रेघेवर, बाकीचे शब्द खाली तिरप्या रेघांवर. मेरिली चाळीस शब्दांचं वाक्य तीन मिनिटांत मांडते. आता बारा वर्षांची आहे.

लेखनाला पुस्तकाची गरजच नाही. माझी पद्धत साधी आहे. मुलाने वाचलेलं किंवा पाहिलेलं तोंडाने सांगायचं, आईने उतरवून घ्यायचं, मग मुलाने ते स्वच्छ अक्षरात फाइलमध्ये लिहायचं. दर जूनला आमच्याकडे तपासनीस बाई येतात, वर्षभराची फाइल बघतात आणि काउंटीच्या शिक्षणखात्याला कळवतात. यंदा मेरिलीचं माझ्या बाबांच्या मधमाश्यांवरचं पान वाचून त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गटाच्या पत्रकातही ते छापून आलंय. प्रत पाठवते. एप्रिलच्या मेळाव्यात 'मुलांना लिहितं कसं करावं' यावर मी बोलावं असा सगळ्यांचा हट्ट आहे. बघू.

पावत्यांवरची खरड बंद कर. चुकीचं वळण एकदा लागलं की सुटत नाही.

तुझी,
विल्मा


ड्राय फोर्क
९ ऑक्टोबर १९९४

प्रिय विल्मा,

ते पान मी फ्रिजवर लावलंय. येता जाता वाचते. "आजोबांनी निळी बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, भीती वाटली तर गाणं म्हण, घाबरलेला माणूस माश्यांना कळतो. मी गाणं म्हणत पोळ्यांमधून चालत गेले." अगं, बारा वर्षांची पोर असं लिहिते! मी रॉइसला वाचून दाखवलं तर तो उठून अंगणात गेला. तीन वर्षं झाली बाबांना जाऊन, पण मी त्याला त्यांच्यासाठी रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. परत आला तो म्हणाला, "मेरिलीला निळी बादली कुठून माहीत? ती तर मी दहा वर्षांचा असताना ओढ्याच्या पुरात गेली." मी म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायला हवी.

आमचं मात्र काही खरं नाही. डॉरी रेघांवर वाक्यं मांडते, तेही रडतखडत. सांगायला बसवलं की मोकाट सुटते. कोल्ह्याची गोष्ट वाचली तर ती कोंबडीच्या बहिणीचं काय झालं ते सांगत बसते. मी उतरवून घ्यायला लागले की माझ्या वहीत उतरतो तो नुसता गोंधळ. मेरिलीच्या पानासारखं एक वाक्य नाही. मी तिला फ्रिजपुढे उभी करते आणि म्हणते, "बघ, तुझीच बहीण आहे ना? तुझेच आजोबा आहेत ना? मग तुला का येत नाही?" काल ती म्हणाली, "मला आजोबा आठवतच नाहीत." मी म्हटलं, सबबी सांगू नकोस.

पावत्यांनी भरलेला बुटांचा खोका होता, तो तू म्हणालीस तसा जाळला. बरंच रडली. आता शांत आहे.

तुझी,
कार्लीन


हार्टसेल मिल
२० ऑक्टोबर १९९४

प्रिय कार्लीन,

घाईत लिहिते आहे, सफरचंदांचा मुरंबा चुलीवर आहे.

बादलीचं बाबांनीच मेरिलीला सांगितलं असणार. म्हाताऱ्या माणसांचं जुनं नवं एक होतं. रॉइसला म्हणावं, एवढी चिकित्सा कोठारावर कर.

डॉरीला वेळ दे. आणि ते पान फ्रिजवरून काढून ठेव बाई, तेलकट हातांनी खराब होईल. एकाच पानाकडे सारखं बघूही नये.

खोका जाळायला मी सांगितलं नव्हतं. बंद कर एवढंच म्हटलं होतं.

तुझी,
विल्मा


ड्राय फोर्क
५ डिसेंबर १९९४

प्रिय विल्मा,

तुझ्या घराची आम्ही काय शोभा केली ते वाच आणि मग मला माफ करायचं की नाही ते ठरव.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण होतं. घरी शिकणाऱ्या मुलांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी वाचायचं असं ठरलं. डॉरी म्हणाली, "माझं लिहून झालंय, तुला तिथेच ऐकवीन." मला केवढा आनंद झाला! मी शेजारणीला कोपराने ढोसून सांगितलं, आता माझी वाचणार. आणि पोरगी उभी राहिली आणि वाचायला लागली, "आजोबांनी निळी बादली माझ्या हातात दिली..."

तिने सबंध पान वाचलं, पाठ केल्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी रुमाल काढले. मी गप्पच बसले असते, खरं सांगते, मी तेवढी वाईट आहे. पण पाद्रीसाहेबांच्या बायकोकडे तुमचं पत्रक येतं. त्या माझ्याजवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "कार्लीन, हे मी छापलेलं वाचलंय." धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी तिला हाताला धरून पुढे नेलं आणि सगळ्यांसमोर बोलायला लावलं. "हे माझं नाही. हे मी चोरलं." हळू बोलली तर पुन्हा बोलायला लावलं. मागच्या रांगेला ऐकू जाईपर्यंत.

रॉइस तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं माफीपत्र सोबत आहे. मेरिलीला दे.

तोंड दाखवायला जागा नाही.
कार्लीन

*(सोबतची चिठ्ठी)*

मेरिली,
मी तुझं पान चोरलं. मला आजोबा हवे होते आणि तुझ्या पानात होते. मी पुन्हा काही लिहिणार नाही म्हणजे पुन्हा चोरणार नाही.
डॉरी


हार्टसेल मिल
१४ डिसेंबर १९९४

प्रिय डॉरी,

तुझे पत्र मिळाले. चूक कबूल करायला धैर्य लागते आणि ते तू दाखवलेस. मी तुला मनापासून क्षमा केली आहे. जे शब्द आपल्या श्रमाचे असतात तेच आपल्याला खरा आनंद देतात, हे आता तुला उमगले असेल. तू खचून जाऊ नकोस. नाताळच्या शुभेच्छा.

तुझी बहीण,
मेरिली


ड्राय फोर्क
६ जानेवारी १९९५

प्रिय विल्मा,

मेरिलीचं पत्र वाचून मी किती वेळ रडत बसले. एवढीशी पोर, आणि मन केवढं! पाद्रीसाहेबांनी तर ते नव्या वर्षाच्या प्रार्थनेत वाचून दाखवलं. म्हणाले, क्षमा कशी करावी ते या मुलीकडून शिका. डॉरी पहिल्या बाकावर बसली होती. लोक आधी पाद्रीसाहेबांकडे बघत होते, मग तिच्याकडे.

ती आता शहाण्यासारखी वागते. सांगितलेलं करते. रेघांवर वाक्यं न चुकता मांडते. पण सांगायला बसवलं की तोंड उघडत नाही. म्हणते, "तूच सांग, मी उतरवते." रॉइस रोज संध्याकाळी खिशातून कोऱ्या पावत्या काढून टेबलावर तिच्यापुढे ठेवतो. सकाळी त्या तशाच असतात. तो उचलून नेतो, संध्याकाळी नव्या आणतो. काल मी विचारलं, तू माझ्यावर एवढा का रागावलायस? तर म्हणाला, "माझ्या बहिणीला विचार."

मी काय विचारू तुला? तुझ्याइतकं चांगलं आमच्याशी कोण वागलंय? फक्त एवढं सांग, पोरगी पुन्हा लिहील ना? बारा बारा वाक्यं बडबडणारी माझी पोर, घरात आता नुसती घड्याळाची टिकटिक ऐकू येते. तुला या सगळ्याचा अनुभव आहे म्हणून विचारते.

तुझी,
कार्लीन


हार्टसेल मिल
१९ जानेवारी १९९५

कार्लीन,

चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. आता वाचून न बघता पाकिटात घालणार आहे, नाहीतर हेही फाडीन.

ते पान मेरिलीने लिहिलेलं नाही. मी लिहिलंय.

पानातली मुलगीही मीच. निळी बादली बाबांनी माझ्या हातात दिली होती, सात वर्षांची होते तेव्हा. रॉइसने बरोबर ओळखलं. मी तुला बाबांच्या नावावर खोटं सांगितलं, आणि मुरंबा चुलीवर आहे म्हणून सांगितलं तेही खोटंच होतं.

हे सुरू कसं झालं ते सांगते. सबब म्हणून नाही. मेरिली सात वर्षांची असताना कोरा कागद बघून रडायची. तपासनीस बाई येणार होत्या आणि फाइल रिकामी होती. तर ती सांगायची आणि मी उतरवायची, आणि उतरवताना एखादा शब्द सरळ करायची. मग वाक्य. मग पुढेपुढे ती "मग आम्ही गेलो, मग आम्ही आलो" एवढंच म्हणायची आणि कागदावर येईपर्यंत मी ते धुऊन इस्त्री करून ठेवायची. ती मुकाट उतरवायची. अक्षर इतकं सुरेख की बघणाऱ्याला शंकाच येत नसे. लोक वाहवा करायला लागले, माझ्याकडे पुस्तकांची नावं विचारायला लागले. मला ते आवडलं, कार्लीन. फार आवडलं.

मधमाश्यांच्या पानाच्या वेळी मी विचारलं, आजोबा असताना त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा काय केलंस? ती म्हणाली, "मी ट्रकमध्ये बसले." मी म्हटलं, हे काय लिहिण्यासारखं आहे? आजोबांनी तुला बादली नाही दिली? ती म्हणाली, "दिली असेल." तिथून पुढचं सगळं माझं.

आता याहून वाईट. डॉरीची चिठ्ठी आली ती मेरिलीने जेवणाच्या टेबलावर वाचली. दोनदा वाचली आणि म्हणाली, "आई, हिने माझं नाही चोरलं. तुझं चोरलं. मीही तेच केलं ना?" आणि मी काय म्हणाले? "गप्प बस आणि लिहायला घे." ते क्षमेचं पत्र मी सांगितलं आणि तिने उतरवलं. जे तुमच्या चर्चमध्ये वाचलं ते. ज्या गुन्ह्यासाठी तुझ्या पोरीला उभं केलं, तोच गुन्हा मी माझ्या पोरीकडून पाच वर्षं करवून घेतला, आणि वर तिच्याच हाताने डॉरीला क्षमा केली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी मेरिलीला कोरा कागद दिला, म्हटलं तुला वाटेल ते लिही, आणि खोलीबाहेर गेले. तासाने येऊन बघितलं. तिने पट्टीने आडवी रेघ मारली होती, तिरप्या रेघा मारल्या होत्या, आणि मी येऊन वाक्य सांगण्याची वाट बघत बसली होती.

माझी मलाच किळस येते. डॉरीला सांग. काय सांगशील ते तू ठरव.

विल्मा


ड्राय फोर्क
२ मार्च १९९५

विल्मा,

उत्तराला सहा आठवडे लावले, कारण आधी लिहिलं असतं तर त्यात शिव्याच असत्या. थोड्या अजून शिल्लक आहेत.

रॉइसला बादलीच्या दिवसापासून कळलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, "ती माझी मोठी बहीण आहे. वाटलं, आपणहून सांगेल." तुम्ही भावंडं! तुमच्या वाट बघण्यात माझी पोर मुकी झाली.

आणि मी तरी कोण मोठी? तू पानं लिहिलीस, पण तिचा खोका मी जाळला. तिला हॉलमध्ये मी उभं केलं. "पुन्हा बोल, मोठ्याने बोल" मीच म्हणाले. तुझ्या यादीवर सगळं ढकलून झोपायचा प्रयत्न केला, झोप येत नाही.

मी डॉरीला तुझं पत्र वाचून दाखवलं, शब्दन् शब्द. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग मेरिलीच्या आईने पण उभं राहून सांगितलं का?"

तर सांग, विल्मा. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीने दीडशे माणसांसमोर सांगितलं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. तू घरात बसून पत्र लिहितेस. एप्रिलच्या तुझ्या मेळाव्याला किती माणसं असतात?

कार्लीन


हार्टसेल मिल
२४ एप्रिल १९९५

प्रिय कार्लीन,

शनिवारी उभी राहिले.

साठ खुर्च्या मांडल्या होत्या, त्या भरून बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर वही. मी पान वाचलं. नेहमीचे रुमाल निघाले. मग म्हटलं, हे मी लिहिलंय, माझ्या मुलीने फक्त उतरवलंय, आणि फाइलमधली बाकी पानंही तशीच आहेत. डॉरीचंही सांगितलं, नाव न घेता. मागून एकीने "ऐकू आलं नाही" म्हटलं, तेव्हा मला तुझी आठवण झाली. पुन्हा सांगितलं, मोठ्याने. एकेक वही मिटली. शेवटी पुढच्या रांगेतली एक तरुण आई हात वर करून म्हणाली, "बरं, पण मग पुस्तक कुठलं घ्यायचं?" मी पानाची घडी घातली आणि खाली उतरले. नंतर हात धुवायला गेले तेव्हा दोघीजणी माझ्याकडे न बघता कुजबुजल्या, "आमच्याकडेही तसंच आहे." गटाचं काम मी सोडलं. तपासनीस बाईंना फाइल परत पाठवली. तुमच्या पाद्रीसाहेबांना वेगळं पत्र टाकलंय, तेही त्यांनी वाचून दाखवावं असं लिहिलंय.

हे सगळं करून आले तेव्हा वाटत होतं, निदान एक तरी धड केलं. मग घरी येताना मेरिली ट्रकमध्ये दाराला चिकटून बसली. मागच्या भिंतीपाशी उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं. तिथे मैत्रिणी होत्या तिच्या. मी तिला आधी विचारलं नव्हतं. सुचलंच नाही, कार्लीन. घराच्या वळणावर ती म्हणाली, "छान सांगितलंस. माझी लाजसुद्धा तूच सांगितलीस."

मला कुणाच्या पुढे उभं राहून हे भरून काढता येणार नाही. ती दोन दिवस जेवायला येते, ताट धुते आणि वर जाते. दार लावून घेते.

विल्मा


हार्टसेल मिल
९ मे १९९५

डॉरी,

हे पत्र आईने सांगितलेलं नाही. चार दिवस लागले. मध्ये फार खोडलंय.

आधीचं पत्र माझं नव्हतं. मी तुला क्षमा केली नव्हती कारण मला राग आलाच नव्हता. मला वाटलं होतं, आता उतरवणाऱ्या आपण दोघी झालो.

आजोबांकडे काय झालं ते असं. मी ट्रकमध्ये बसले. माश्यांची भीती वाटली. काचा वर केल्या. जुलै होता. आत खूप गरम झालं पण काच खाली केली नाही. आजोबा पोळ्याचा तुकडा घेऊन आले. त्यांनी तो बाहेरून काचेला चिकटवला. मध खाली ओघळला. मी आतून काचेला जीभ लावली. गोड लागलं नाही. आजोबा खूप हसले. मग ते दुसऱ्या बाजूने आत येऊन बसले आणि त्यांनीही काच वरच ठेवली. त्यांच्या नाकावरून घाम गळत होता. बराच वेळ बसलो.

एवढंच आहे. गाणं म्हटलं नाही. बादली नव्हती.

हे कुणाला वाचून दाखवू नकोस. तू पावत्यांच्या मागे लिहायचीस असं तुझ्या आईच्या पत्रात होतं. एक पाठव.

आई दाराबाहेर उभी आहे. मदत हवी का विचारते. मी नको म्हटलं.

मेरिली


*(धान्याच्या वजनाची पावती, गहू, रद्द. मागच्या बाजूला:)*

मेरिली,

काच गरम होती का? जीभ भाजली का? आजोबांच्या नाकात केस होते का, बाबांच्या आहेत तसे? मी त्यांना पाहिलं तेव्हा मी बाळ होते म्हणून मला काही माहीत नाही. सगळं सांग. मग मी तुला आमच्या बोक्याचं आणि आईच्या बुटाचं सांगते, पण ते जरा घाण आहे.

डॉरी